कोगनोळीच्या नाक्यावर गिटारीची पारख

बेळगावच्या खासबागेत वीज असली की विणकरांचे माग चालू असायचे, आणि माग चालू असले की शेजारी बसलेल्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नसे. वीज गेली की माग थांबत, सगळी गल्ली गप्प होई, पण मग टेपरेकॉर्डरही थांबे. म्हणजे गाणे वाजत असायचे तेव्हा ते ऐकू यायचे नाही आणि ऐकू आले असते तेव्हा ते वाजत नसायचे. टेपला सेल घालता आले असते, पण घरातले सेल बॅटरीचे होते आणि बॅटरी रात्री परसाकडे जायला लागायची, त्यामुळे कलेला दुसरा नंबर होता. अशा परिस्थितीत मी आणि सिद्राम परदेशी रॉक संगीताचे, त्यातही इलेक्ट्रिक गिटारींचे, जाणकार झालो. कोणती गिटार गोड, कोणती कडक, कोणती पावसाळ्यात आवाज बदलते, यावर आम्ही चहाच्या गाड्यावर तासन्‌तास बोलत असू. आपण यातली एकही धड ऐकलेली नाही ही गोष्ट आमच्या चर्चेत कधी आलीच नाही. आता या वयात निरनिराळ्या विषयांवर बोलणारी मोठमोठी माणसे ऐकतो तेव्हा वाटते, आमचे काही फार चुकत नव्हते.

मी मूळचा उचगावचा, शेतकऱ्याच्या घरचा. कॉलेजसाठी मला बेळगावात माझ्या थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे ठेवले होते. दाजींचे पुढच्या खोलीत दोन माग होते आणि मागच्या खोलीत आम्ही सगळे. मागाच्या आवाजात संसार केल्यामुळे आक्काचा आवाज असा लागलेला होता की वीज गेल्यावर ती ‘भाकरी घे’ म्हणाली तरी चार घरांतली माणसे जेवायला उठत. सकाळी जोंधळ्याची भाकरी, वर लाल मिरचीचा ठेचा, त्यावर तेलाची धार, आणि सगळ्यावर कापसाचा बारीक भुगा, कारण तो चहातही असायचा आणि केसांतही. सिद्राम शेजारच्या मागवाल्याचा मुलगा. तो घरात कन्नड बोलायचा, गल्लीत मराठी आणि भांडताना हिंदी. माझ्याएवढाच अभ्यासात कच्चा होता, म्हणून आमची दोस्ती पक्की झाली.

कॅम्पातल्या एका रद्दीवाल्याकडे परदेशी मासिके यायची. त्यांतली गिटारवाल्यांची चित्रे आम्ही निवडून आणायचो. त्यांची नावे वाचता यायची पण उच्चारता यायची नाहीत, म्हणून आम्ही त्यांना आमची नावे दिली. एक जटावाला, एक टोपीवाला. जटावाल्याच्या गिटारीला वर दोन शिंगे होती, ती खिल्लारी. टोपीवाल्याच्या गिटारीला एकच शिंग होते आणि पोट मोठे, म्हणून ती गाभण. मी जटावाल्याच्या पक्षात, सिद्राम टोपीवाल्याच्या. दोघांच्याही गिटारी जुन्या होत्या, रंग उडालेल्या, कोपऱ्यांवर लाकूड उघडे पडलेले. तो झिजलेला भागच खरा मोलाचा, असे त्या मासिकांत लिहिले होते, आणि एवढे इंग्रजी आम्हाला कळत होते. एकदा जटावाल्याची दोन चित्रे सापडली. एकात तो उजव्या हाताने वाजवत होता, दुसऱ्यात डाव्या. दोन्ही हातांनी वाजवणारा दुसरा माणूस जगात नाही म्हणून मी सिद्रामला आठवडाभर खाली मान घालायला लावली. दुसऱ्या चित्रात मागच्या ढोलावरची अक्षरेही उलटी होती, पण ती कुठली तरी परकी लिपी असेल असे आम्ही समजलो. छापणाऱ्याने फोटो उलटा लावला होता हे मला कळायला पुढे वीस वर्षे लागली, आणि कळले तेव्हा सिद्रामला सांगायचा धीर झाला नाही.

गिटारींची तुलना कशी करायची हे मात्र मी आप्पांकडून उचलले होते. आप्पा म्हणजे माझे वडील. पंचक्रोशीत त्यांची ओळख शेतकरी म्हणून कमी आणि बैलांचे पारखी म्हणून जास्त. कुठल्याही बाजारात बैल घ्यायचा तर लोक आप्पांना सोबत नेत. आप्पा आधी जनावराभोवती एक फेरी मारत, मग दात, मग खूर, मग जुवाने खांद्यावर पडलेला घट्टा चाचपत, आणि शेवटी त्याला चालवून बघत. मग एकच वाक्य बोलत. एकदा त्यांच्या सख्ख्या साडूने विकायला काढलेला बैल आप्पांच्या पुढे आला. गिऱ्हाईक म्हणाले, तुम्ही सांगा. आप्पांनी भर बाजारात सांगितले, ‘पुढच्या डाव्या पायानं लंगडतोय, मिरची चारून हुभा केलाय.’ मावशी दोन वर्षे आमच्या दारात आली नाही. आई त्या दोन वर्षांत आप्पांना वाढताना ताट जरा जोरात ठेवायची. आप्पांकडे जमीन थोडी होती, शाळा तर नव्हतीच, पण त्यांच्या त्या एका वाक्याला तीन तालुक्यांत किंमत होती आणि तेवढीच त्यांची कमाई होती.

एका सुट्टीत मी जटावाल्याचे चित्र त्यांना दाखवले. त्यांनी ते लांब धरले, जवळ धरले.

‘कितव्या वर्षातली हाय?’

‘लई जुनी हाय, आप्पा. तीस वर्षं तरी झाली असतील.’

‘मग आता मोडीत निघंल की.’

‘न्हाय. जुनी हुईल तसा भाव वाढतोय तिचा. रंग जेवढा उडंल तेवढी महाग.’

आप्पांनी चित्र परत दिले. ‘म्हातारं हून भाव वाढल्यालं जनावर मी काय बघितलं न्हाय,’ ते म्हणाले आणि वैरण टाकायला उठले.

आता एका गाडीची गोष्ट. गोव्याला जाणाऱ्या गोऱ्या पोरापोरींची एक रंगीत गाडी निपाणीजवळ, महामार्गावरच्या कोगनोळीच्या नाक्याजवळ बंद पडली होती आणि चार दिवस तिथेच उभी होती. हे मी कॉलेजात जाण्याच्या आधीचे. त्या चार दिवसांत त्यांनी उसाच्या रसावर दिवस काढले, गॅरेजवाल्याला घड्याळ दिले, एकाने गिटार वाजवली, आणि जाताना काही सामान मागे राहिले, एवढे सगळ्यांना मान्य होते. त्या गिटारवाल्याचे केस लांब होते हेही मान्य होते. तो जटावालाच होता हे मी मान्य केले होते. पुढे गोव्याला गोदीत कामाला असलेल्या माझ्या चुलतभावाने मला एक लाल इलेक्ट्रिक गिटार आणून दिली. कुठल्याशा देशी कारखान्यातली, कोरी, दोन शिंगांची. मी ती खांद्याला लावून चहाच्या गाड्यावर गेलो तेव्हा सिद्रामने विचारले, ‘कुठली रं?’ आणि माझ्या तोंडून निघून गेले, ‘कोगनोळीची. जटावाल्याची.’

खोटे बोलणे सोपे असते, पण पुढे त्याला सांभाळावे लागते. सिद्रामने चार दिवसांत ही बातमी कॉलेजात पोचवली. पुढच्या आठवड्यात मला गॅदरिंगच्या ऑर्केस्ट्रात घेतले, कारण ज्याच्याकडे जटावाल्याची गिटार आहे त्याला वाजवता येते का असे विचारणे कोणाला बरे दिसले नसते. ज्या मुली माझ्याकडे बघत नव्हत्या त्या गिटारीकडे बघू लागल्या. अडचण एकच होती. गिटार नव्या नवरीसारखी चकचकत होती. मग मी ती पोत्यात गुंडाळून उचगावला नेली. बेंदराच्या सणाला बैलांची शिंगे घासायची आप्पांची कानस गोठ्यात खुंटीला असायची. घर शेतावर गेलेले बघून मी त्या कानशीने गिटारीचे कोपरे घासले, हात टेकतो तिथला रंग काढला, उघड्या लाकडाला उकळलेल्या चहाचे पाणी पाजले, वर थोडे एरंडेल. संध्याकाळपर्यंत गिटारीचे वय वीस वर्षांनी वाढले आणि मला कधी नव्हे ते स्वतःच्या हातचे कौतुक वाटले.

परवा नातीने मला बेंगळूरच्या एका वाद्यांच्या दुकानात नेले. तिथे काचेत कोऱ्या गिटारी होत्या आणि शेजारच्या काचेत त्याच गिटारी, कारखान्यातच घासून, रंग उडवून, सिगारेटचा डागसुद्धा पाडून ठेवलेल्या. घासलेलीची किंमत कोऱ्या गिटारीपेक्षा जास्त होती. दुकानातला पोरगा मला अगदी आदराने म्हणाला, ‘अंकल, हे सगळं हाताने केलेलं असतं.’ मला त्याला सांगावेसे वाटले की बाळा, हे काम मी उचगावच्या गोठ्यात फुकट केलेले आहे, आणि त्यात उलट माझीच अब्रू गेली.

कारण निपाणीतही एक गिटार निघाली. तिथे एक भीमगीतांची गायन पार्टी होती. तिचे मालक सोपानमामा एके काळी तंबाखूच्या वखारीत बैलगाडी हाकायचे. त्यांचा भाचा मिलिंद पार्टीत गिटार वाजवायचा. त्याची आई विड्या वळायची. ती काळी गिटार सोपानमामांनी कोगनोळीच्या गॅरेजवाल्याकडून घेतली होती, आणि साहेबाने जाताना ठेवली ती हीच, असे निपाणीकर म्हणत. बेळगावात आणखी एक आहे असे कळल्यावर निपाणीतल्या बाजारपेठेतली मंडळी खवळली. ज्यांना आजवर सोपानमामांच्या वस्तीतला चहा चालत नव्हता, ते आता ‘आमची गिटार’ म्हणू लागले. इकडे खासबागेत जिल्ह्याच्या गावाच्या मानाचा प्रश्न उभा राहिला. दोन भाषांत आणि दोन राज्यांत वाटून घ्यायचे म्हटले तर आमच्या भागात वादाला कधीच तोटा नव्हता, पण हा वाद नवा होता, त्यामुळे लोक ताजेतवाने झाले. शेवटी दोन्हीकडच्या पाच-पाच जणांची तुलना समिती नेमली गेली. सिद्राम आमचा चिटणीस. जिथे गाडी बंद पडली तिथेच, म्हणजे कोगनोळीच्या नाक्यावरच्या चहाच्या हॉटेलापुढे, दोन्ही गिटारींची जाहीर तुलना करायची असे ठरले. पारखी कोण यावर मात्र अडले. तेव्हा सोपानमामाच म्हणाले, ‘उचगावच्या आप्पांस्नी बोलवा.’

आमच्याकडचे लोक खूश झाले. निपाणीकडचे ओरडले, ‘अहो, त्यो पोराचा बाप हाय!’

‘असू दे की,’ सोपानमामा म्हणाले. ‘साडूचा बैल लंगडा म्हणून सांगितल्याला माणूस हाय त्यो. मी त्या बाजारात गाडी घिऊन गेलतो. माझ्या म्होरं झालंय ते.’

सिद्रामने ही बातमी आनंदाने येऊन सांगितली, पण मला आप्पांचा स्वभाव माहीत होता. त्यांना गिटारीतले काही कळणार नाही, एवढीच आशा होती. ठरल्या दिवशी सकाळी मी उचगावला गोठ्यात जाऊन उभा राहिलो. आप्पा धार काढत होते.

‘आप्पा, आज आमच्या बाजूनं बोला हां. कॉलेजात सगळ्यांस्नी ठावं झालंय. खोटं ठरलो तर मला तितं तोंड दावता यायचं न्हाय.’

‘मग खरं असंल तर भ्याचं कशाला?’ त्यांनी वर न बघता विचारले. मी सांगायला हवे होते. तोंडात आलेही होते. पण समोर खुंटीला कानस लोंबत होती. ‘बघितल्यावर बोलतो,’ एवढे म्हणून त्यांनी भांडे उचलले. पटका मात्र धुतलेला बांधला, जो ते फक्त बाजाराला बांधत.

कोगनोळीला आम्ही पोचलो तेव्हा हॉटेलापुढे दोन बाकडी मांडून त्यांवर चादरी अंथरल्या होत्या. एकीवर आमची लाल, दुसरीवर त्यांची काळी. सभेचा पहिला अर्धा तास इतिवृत्त कुठल्या भाषेत लिहायचे यावर गेला. सिद्रामने मराठीत सुरुवात केली, तर निपाणीच्या एका कापडवाल्याने कन्नडात प्रत मागितली, जरी तो स्वतः दोन्ही भाषांत फक्त सही करायचा. मग दोन्हीकडच्या प्रमुखांची भाषणे झाली. आमच्याकडच्यांनी लाल गिटारीवर नारळ फोडायची तयारी केली होती, ती हॉटेलवाल्याने बाकडे फुटेल म्हणून मोडून काढली. नाक्यावर थांबलेल्या ट्रकचे ड्रायव्हर उतरून गोळा झाले. मिलिंद हा माझ्याच वयाचा, किडकिडीत, ठेंगणा मुलगा एका कडेला उभा होता आणि त्याला कोणी काही विचारत नव्हते.

आप्पा उठले. आधी दोन्ही बाकड्यांभोवती फेरी मारली. लाल गिटार उचलली, वजन बघितले, मागून बघितली. कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग तिचा वास घेतला. त्यांनी ती खाली ठेवली आणि काळीकडे वळले. तिथेही तेच. मग जटावाल्याचे मासिकातले चित्र मागितले आणि बराच वेळ बघितले. सिद्राम माझ्या कानात म्हणाला, ‘परश्या, आप्पा तर एक्स्पर्ट निघाले की रं.’

‘चालवून कवा दावणार?’ आप्पांनी विचारले.

कोणाला काही कळेना.

‘वाजवून बघायची न्हाय व्हय? बैल घेताना चालवून बघत्यात की.’

समितीचे दहा सभासद एकमेकांकडे बघू लागले. विषयपत्रिकेत स्वागत होते, हार होते, आभार होते, वाजवणे नव्हते. सोपानमामांनी मात्र पार्टीचा अँप्लिफायर आणला होता, सवयीने. तो हॉटेलच्या प्लगात लावला. पहिला मान माझा होता. मी म्हणालो, ‘तारा परदेशी पद्धतीनं लावलेल्या हायत, आता हलवायच्या न्हाईत.’ हे इतके चांगले वाटले की आमच्या बाजूच्या दोघांनी माना डोलावल्या. आप्पांनी माझ्याकडे बघितले आणि काळीकडे बोट दाखवले. मग मिलिंदने काळी गिटार गळ्यात घातली आणि वाजवू लागला.

पार्टीत गातात त्यांपैकीच एक चाल होती. त्या दिवशी वीज होती आणि माग नव्हते. इलेक्ट्रिक गिटार मी पहिल्यांदा धड ऐकत होतो. तारेतून निघालेला सूर लांबत गेला, थरथरला, परत वळून आला. मी मासिकांतून जे जे पाठ केले होते, गोड आणि कडक आणि पावसाळी, त्यातले काही त्यात बसत नव्हते. माझ्या डोळ्यांत पाणी आले. मला त्या मुलाचा हेवा वाटला, इतका की आजही तो लिहिताना छातीत जाणवतो. एका ट्रकवाल्याने इंजिन बंद केले.

वाजवून झाल्यावर आप्पा म्हणाले, ‘काढू नको गळ्यातनं.’ त्यांनी मिलिंदचा डावा हात हातात घेतला आणि बोटांची टोके अंगठ्याने दाबून बघितली, बैलाच्या खांद्यावरचा घट्टा बघतात तशी. मग ते माझ्याकडे आले आणि माझा डावा हात घेतला. माझी बोटे मऊ होती. ती सोडायला त्यांनी जरा वेळ लावला. त्या वेळात त्यांना गप्प बसता आले असते. दोन्ही गिटारी सारख्याच म्हणाले असते तरी कोणी जाब विचारला नसता. पण त्यांनी पटका काढला, तोंड पुसले आणि सगळ्यांसमोर मला विचारले,

‘परश्या, माझी कानस कुठं हाय रं?’

‘गोठ्यात,’ मी म्हणालो.

‘व्हय. आता गोठ्यातच हाय.’ मग ते लोकांकडे वळले. ‘ही तांबडी नवी हाय. घासल्याली हाय. माझ्याच कानशीचं दात उठल्यात हिच्यावर, आन्‌ चाच्या पाण्याचा वास येतोय. आमच्या पोरानं फसिवलंय. त्येच्या वतीनं मी हात जोडतो.’ आणि आप्पांनी खरोखर हात जोडले. माझे आप्पा, ज्यांनी बाजारात कधी कोणापुढे मान लववली नव्हती, ते कोगनोळीच्या नाक्यावर ड्रायव्हरांपुढे हात जोडून उभे होते. खोटे उघडे पडल्याची लाज मी विसरलो आहे. ते जोडलेले हात विसरलो नाही.

निपाणीकरांनी जल्लोष केला. कापडवाल्याने मिलिंदसाठी आणलेला हार गिटारीला घातला.

‘जरा थांबा,’ आप्पा म्हणाले. ‘माझं संपलं न्हाय. ही काळी कामाला जुंपल्याली हाय, खरी झिजल्या. पर कुणी झिजवली ते बघा. ह्या चित्रातला साहेब ताडमाड उंच हाय. त्यो गिटार मांडीवर लोंबती सोडतोय. त्येचा हात हितं यील, खाली. झिजल्या कुठं? वर. ह्या पोराचा हात टेकतोय, बराबर तितं.’ त्यांनी मिलिंदचा उजवा हात गिटारीवर ठेवला. उडालेला रंग त्या हाताखाली तंतोतंत झाकला गेला. ‘साहेबानं वाजिवली का न्हाय मला ठावं न्हाय. ही ह्या पोरानं झिजवल्या.’

निपाणीची बाजू एकदम गार पडली. ‘म्हणजे आमच्या मिलिंद्यानं?’ कापडवाला म्हणाला. ‘मग हिची किंमत ती काय?’ त्याने घातलेला हार काढून घेतला आणि पिशवीत भरला. पाच मिनिटांत दोन्हीकडचे लोक आप्पांवर नाराज होऊन निघून गेले. ‘तुलना झाली’ असे एकच वाक्य लिहून सिद्रामने वही मिटली. मागे राहिले सोपानमामा, आप्पा, मी आणि मिलिंद. मिलिंद अजून आपल्या हाताखालच्या त्या डागाकडे बघत होता आणि हसत होता. इतकी वर्षे ती साहेबाची गिटार म्हणून त्याने जपून वाजवली होती. त्यातला एक कोपरा त्याचा स्वतःचा आहे, हे त्याला पहिल्यांदा कोणी सांगितले होते. सोपानमामांनी चहा मागवला. आप्पांनी बशीत ओतून प्यायला आणि मिलिंदला म्हणाले, ‘लई ग्वाड वाजिवतोस लेका.’

मी आप्पांशी बेंदरापर्यंत बोललो नाही. ऑर्केस्ट्रातून काढले, चहाच्या गाड्यावर नाव ‘कानस’ पडले, ते पुढे दहा वर्षे टिकले. सिद्रामनेसुद्धा महिनाभर तोंड फिरवले, पण टोपीवाल्याबद्दल ऐकून घेणारा दुसरा कोणी न मिळाल्यामुळे तो परत आला. बेंदराच्या आदल्या दिवशी उचगावला गेलो, तर आप्पांनी खुंटीवरची कानस काढून माझ्या हातात दिली. ‘घे, शिंगं घास. तुला चांगलं जमतंय.’ मला राग धरून ठेवायचा होता, पण हसू फुटले. आईनेही चुलीपुढून हसून घेतले. शिंगे घासून झाल्यावर आप्पांनी विचारले, ‘ती तांबडी अजून जुंपली न्हाईस व्हय?’

दुसऱ्या आठवड्यात मी निपाणीची बस धरली. मिलिंदने मला शिकवले. त्याच्या आईने विड्यांचे सूप बाजूला सारून जेवायला वाढले. पुढे मी वीज खात्यात नोकरी केली, आणि नोकरीबरोबर तीस वर्षे वाजवत राहिलो. जयंत्या, लग्ने, बारशी, सोपानमामांच्या पार्टीत आणि पार्टी मोडल्यावर मिलिंदच्या ऑर्केस्ट्रात. माझी लाल गिटार आता खरोखर झिजली आहे. मी कानशीने घासले होते तो भाग आणि हात टेकून झिजलेला भाग यांत चार बोटांचे अंतर आहे. म्हणजे खोटे बोलताना मला माझा हात कुठे पडतो तेही माहीत नव्हते.

आप्पांचे डोळे शेवटी गेले. बैलही गेले, दारात ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरचे टायर चाचपून ते काही बोलत नसत. शेवटच्या दुखण्यात मी त्यांच्याजवळ बसलो होतो, तेव्हा म्हणाले, ‘हात आण.’ मी उजवा दिला. ‘त्यो न्हाय, त्यो दुसरा.’ त्यांनी माझी चार बोटे एकेक करून अंगठ्याखाली घेतली. अंगठ्याचा दाब तोच होता. चारही बोटे बघून झाली तरी त्यांनी हात सोडला नाही.

‘व्हय,’ ते म्हणाले. ‘आता घट्टा हाय.’

मला हुंदका आला. लहान मुलासारखे वाटले, एवढे आयुष्य गेल्यावर का होईना, पास झालो.

‘पर निपाणीच्या त्या पोराची सर न्हाय,’ आप्पा म्हणाले.

‘न्हाय, आप्पा,’ मी म्हणालो. ते खरेच होते.